परक्या हाताचा नियम

पट्टीबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं शाळेत कुणी उरलं नव्हतं. त्या विज्ञान शिकवायच्या, पण हे नाव त्यांना विज्ञानाने नाही, विज्ञान प्रदर्शनाने दिलं. दर वर्षी गावातल्या सगळ्या शाळांचं प्रदर्शन त्यांच्याच शाळेच्या सभागृहात भरायचं आणि बाई स्टीलची लांब पट्टी हातात घेऊन टेबलाटेबलांतून फिरायच्या. ज्याचा तक्ता टेबलाच्या कडेबाहेर बोटभर आला त्याचा तक्ता दुमडला जायचा, मग तो मुख्याध्यापकांच्या भाच्याचा का असेना. मुलांना वाटायचं, हे नाव आपण बाईंच्या नकळत ठेवलंय. बाईंना ते पहिल्याच वर्षी कळलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं.

नियमही बाईंनीच लिहिलेले. त्याआधी प्रदर्शन म्हणजे नुसती जत्रा होती. कुणी ज्वालामुखी आणायचा, तो वेळेवर फुटायचा नाही आणि पाहुणे वाकून बघायला लागले की नेमका त्यांच्या शर्टावर फुटायचा. एका वर्षी एकाने जिवंत ससा आणला आणि सशाने शेजारच्या मुलीचा 'पानांचे प्रकार' हा प्रकल्प मुळासकट खाल्ला. ती रडली, ससा झोपला, आणि बाईंनी घरी जाऊन नियम लिहायला घेतले. आग नाही, आम्ल नाही, जिवंत प्राणी नाही, घरात वाढवलेली बुरशी नाही. एका मुलाचा एकच प्रकल्प आणि तो चारपैकी एकाच विभागात: सजीव सृष्टी, पदार्थ आणि ऊर्जा, यंत्रं आणि प्रतिकृती, माणूस आणि त्याच्या सवयी.

या शेवटच्या विभागाला बाईंनी वेगळी अट घातली होती. माणसांवर प्रयोग करायचा तर सुरुवात करण्याआधी प्रदर्शन समितीची परवानगी हवी. त्यालाही कारण होतं. एका बालशास्त्रज्ञाने आपल्या तान्ह्या भावाला भूक लागल्यावर तो किती वेळाने रडतो याचा अभ्यास केला होता, आणि त्याची आई त्या भावाला कडेवर घेऊन थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत आली होती.

पण बाईंचा लाडका नियम एकच. 'प्रकल्पाला विद्यार्थ्याखेरीज दुसऱ्या कुणाचाही हात लागलेला नसावा.' सगळे त्याला परक्या हाताचा नियम म्हणत. तो एका क्रेनमुळे आला. इतकी देखणी क्रेन की परीक्षकांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग त्यांनी मुलाला विचारलं, "ही चालू कशी करायची?" मुलगा म्हणाला, "थांबा हं, पप्पा बाहेर उभे आहेत, विचारून येतो." तेव्हापासून बाईंनी परके हात पकडण्याचा विडाच उचलला. कापलेल्या पुठ्ठ्याची कड बघून त्या सांगायच्या की ही कात्री आईची. डिंक कुठे ओघळला नाही, की त्यांना मामाचा संशय आलाच समजा. पालक त्यांना टरकून असत. बाई म्हणायच्या, "मूल चुकतं. मोठं माणूस मुलाची चूक पुसतं. मला ती पुसलेली जागा दिसते."

आणि हे त्या खरंच मनापासून म्हणायच्या. म्हणून तर पुढे जे झालं ते त्यांना इतकं लागलं.

बाईंना एक मुलगी होती. तिला घरीदारी सगळे टिटवी म्हणत, कारण तिचं तोंड दिवसभर चालू. ती सहावीत, आईच्याच शाळेत. टिटवीचे बाबा औषधाच्या दुकानात काम करायचे, माणूस शांत, चेष्टेखोर. "आमच्या घरी दोन विभाग आहेत," ते म्हणायचे, "एक नियमांचा आणि एक आवाजाचा. मी प्रेक्षक."

टिटवीला एक खोड होती. स्वयंपाकघरातल्या नळाखाली पाण्याची बाटली धरायची आणि दुसरीकडेच बघत बडबडत राहायची. पण बाटली गळ्याशी आली की नळ बंद. थेंब सांडायचा नाही. एकदा बाबांनी विचारलं, "तुला कळतं कसं गं?"

"आवाज सांगतो की! आधी जाडा असतो, मग बारीक बारीक होत जातो."

"मला नाही सांगत."

"तुम्ही ऐकत नाही म्हणून."

झालं. यावर बापलेकीची पैज लागली, बाबांच्या डोळ्यांना ओढणी बांधली गेली आणि बाबांनी अर्धा ओटा भिजवला. टिटवीला प्रकल्प सापडला. बाई तेव्हा प्रदर्शनाच्या तयारीत शाळेतच अडकलेल्या असायच्या; मागे इमारतीतलं एकही माणूस सुटलं नाही. इस्त्रीवाले काका डोळे बांधून नळाशी उभे राहिले. आत्या आली तर चहाच्या आधी तिच्या हातात बाटली दिली, आत्याने बाही कोपरापर्यंत भिजवून घेतली आणि "हे असलं शिकवतात का शाळेत" म्हणून भावाला झापलं. आणि मग तळमजल्यावरचे आजोबा. ते निवृत्त टपालखात्यातले, दोन्ही कानांनी जवळजवळ ठार बहिरे. टिटवी त्यांच्याकडे गेली ती फक्त नियम पाळायचा म्हणून, कुणाला वगळायचं नाही हा तिचा स्वतःचा नियम. आजोबांनी बाटली गळ्यापाशी दोन बोटांत धरली, डोळे बांधून घेतले, आणि नळ अगदी वेळेवर बंद केला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. बाकीच्या सगळ्यांपेक्षा अचूक.

"आजोबा, तुम्हाला तर ऐकू येत नाही!" टिटवीने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"बाटली थरथरते ना," आजोबा म्हणाले. "भरत आली की थरथर बारीक होते. बोटांना कळतं."

टिटवी जिने चढत वर आली ती ओरडतच. तिने मोठा तक्ता केला. आलेख वगैरे काही नाही. एकेका माणसाचं तोंड काढलं, डोळ्यांवर ओढणी, शेजारी बाटली, आणि किती सांडलं ते निळ्या रंगाने. आजोबांचं चित्र सगळ्यांत मोठं, बोटं तर चेहऱ्याहून मोठी. वर नाव लिहिलं होतं, 'बाटली भरली हे कुणाला कळतं?' आणि खाली तिच्या वाकड्या अक्षरात, 'मला वाटलं होतं कानाला. पण बहिऱ्या आजोबांना जास्त कळलं. म्हणजे मी चुकले होते.'

प्रदर्शन पुढच्या आठवड्यात होतं. टिटवीने तक्ता आईसमोर दिवाणावर पसरला.

बाईंनी वाचला. आणि त्या आई होण्याआधी पट्टीबाई झाल्या. हा प्रकल्प माणसांवरचा. चौथा विभाग. सुरुवातीआधी परवानगी घेतली होती का? नाही. मग तो छाननीतच बाद. आता परवानगी घेऊन नव्याने करायचा म्हटलं तर परवानगी मागायची मुदत संपलेली. दुसऱ्या कुठल्या मुलीचा असता तर बाईंनी एक सुस्कारा सोडून तो बाजूला ठेवला असता. पण सगळा गाव म्हणणार, पट्टीबाईंच्या मुलीचाच प्रकल्प नियमात बसला नाही! या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. खरं म्हणजे तेवढं म्हणू द्यायला काय हरकत होती? पण माणसाला नाव मिळालं की ते सांभाळायची खोडही त्याबरोबरच मिळते.

"हे असं नाही चालायचं," बाई म्हणाल्या.

"का? काय चुकलं?"

"चुकलं नाही गं. विभागात बसत नाही. आपण याला दुसऱ्या विभागात घालू. पदार्थ आणि ऊर्जा."

आधी फक्त विभाग बदलला. मग विभागाला शोभेसं नाव: 'हवेच्या स्तंभाची लांबी आणि ध्वनीची उंची'. मग त्या नावात माणसं कुठे बसणार, म्हणून माणसं गेली. आत्या गेली, इस्त्रीवाले काका गेले, आजोबा गेले. त्यांच्या जागी सारख्या आकाराच्या बाटल्यांची रांग आली, प्रत्येकीत पाण्याची पातळी वेगळी. तोंडाने फुंकायचं, फोनवरच्या ॲपने स्वर मोजायचा, आलेख काढायचा. बाईंनी कशालाही हात लावला नाही. पाणी टिटवीने भरलं, आलेख टिटवीने काढला, निष्कर्ष टिटवीने लिहिला. बाई शेजारी बसून फक्त सांगत होत्या. परीक्षक काय विचारतील तेही सांगितलं आणि त्यावर काय बोलायचं तेही.

"आई, 'मी चुकले होते' हे ठेवू?"

"निष्कर्षात असं लिहीत नाहीत."

टिटवीने ते खोडलं. बाबा दारात उभे राहून बघत होते. "नियम सांभाळलात बाईसाहेब," ते म्हणाले. "हात नाही लावलात. तोंड लावलंत." बाई चिडल्या, आणि चिडल्या म्हणजे बाण बरोबर लागला होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी छाननी. समितीतल्या माणसाने आपल्या मुलाचं टेबल तपासायचं नाही, हाही बाईंचाच नियम, म्हणून टिटवीचं टेबल चित्रकलेच्या सरांनी तपासलं. सरांनी बाटल्या बघितल्या, "वा" म्हणाले, आणि पुढे गेले. पट्टीबाईंच्या लेकीचं कोण काय तपासणार?

बाई पट्टी घेऊन दुसऱ्या बाजूने निघाल्या आणि एका टेबलापाशी थांबल्या. दुसऱ्या शाळेची मुलगी होती, टिटवीएवढीच, अंगाने बारीक, गप्प. तिच्या समोर दोरीवर कापडाच्या पट्ट्या टांगलेल्या. प्रत्येक पट्टी मधोमध जोडलेली, प्रत्येक जोड वेगळ्या टाक्याचा, आणि खाली वाळूच्या पिशव्या. कुठली शिवण किती वजन पेलते, असा प्रकल्प. बाईंनी चष्मा लावून शिवणी बघितल्या. टाका टाक्यासारखा. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही.

"हे कुणी शिवलं?"

"मी."

"खरं सांग."

"मीच."

"आई काय करते?"

"शिवणकाम."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. म्हणाल्या तेही अगदी मायेने, हे वाईट. "बाळ, प्रकल्प छान आहे. पण हा हात मोठ्या माणसाचा आहे. टेबल ठेव, लोक बघतील. परीक्षण मात्र होणार नाही."

मुलगी रडली नाही, भांडली नाही. तिने टांगलेल्या पट्ट्या एकेक करून उतरवल्या, घडी घातली आणि पिशवीत ठेवल्या. थोड्या वेळाने तिची आई फाटकाशी आली. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती, दुकानातून उठून धावत आली असावी. "बाई, तिला सुई-दोरा द्या," ती म्हणाली. "तुमच्यासमोर बसवा. तुम्ही म्हणाल तो टाका घालून दाखवेल ती. मी इथे उभीसुद्धा राहत नाही."

"तसं केलं तर प्रत्येकाची परीक्षा घ्यावी लागेल," बाई म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सारखे."

हे वाक्य बोलताना त्यांची नजर एक क्षण सभागृहाच्या पलीकडच्या बाजूला गेली, जिथे बाटल्यांची रांग होती. एकच क्षण. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण बाईंनी वर्गात कितीदा समजावून सांगितली असेल.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक टिटवीच्या टेबलापाशी आले. बाई लांब खांबाशी उभ्या होत्या, पण कान तिकडेच. परीक्षकांनी विचारलं, "हा विषय तुला सुचला कसा?"

टिटवीने हात मागे बांधले. "दैनंदिन जीवनातील ध्वनींचं निरीक्षण करताना मला असं आढळलं की, पात्रातील हवेच्या स्तंभाची लांबी कमी झाली की ध्वनीची उंची वाढते."

एकही शब्द चुकला नाही. 'आढळलं की' म्हणताना तिने मान किंचित डावीकडे कलवली. ती बाईंची सवय होती. वर्गात मुलं त्यांची नक्कल करताना तेवढंच करायची. बाईंना आपलंच बोलणं आपल्या लेकीच्या गळ्यातून ऐकू आलं आणि त्यांचे कान गरम झाले. क्रेनचा मुलगा निदान "पप्पांना विचारून येतो" म्हणाला होता. हिला तर विचारायला जायचीही गरज नव्हती. सगळं भरून दिलं होतं.

परीक्षक खूश झाले. विभागात पहिला नंबर.

दुपारी तळमजल्यावरचे आजोबा आले. कडक इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. टिटवीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की तुमचं चित्र सगळ्यांत मोठं आहे, आणि मग ते नाहीये हे सांगायचं राहून गेलं होतं. आजोबा टेबलापुढे उभे राहिले. तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. मग बाजूने वाकून तक्त्याची मागची बाजूही पाहिली. टिटवीने मान खाली घातली. आजोबांच्या लक्षात आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, "छान केलंस हो! फार हुशार आहेस!" आणि बाईंना नमस्कार करून निघून गेले. बाईंना वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढचे काही दिवस बाईंचे वाईट गेले. फळ्यावर लिहिता लिहिता त्या थांबायच्या. टिटवीचा नंबर आला म्हणून शिक्षकांच्या खोलीत कुणी अभिनंदन केलं की त्यांना पट्टी दप्तरात आत खोल ढकलावीशी वाटायची. स्वतःला समजावून पाहिलं. हात लावला नव्हता. अक्षर तिचं. आलेख तिचा. नियमाच्या शब्दाला कुठे धक्का नव्हता. पण नियम त्यांनी स्वतः लिहिलेला होता, त्यामुळे तो कशासाठी लिहिला होता हे दुसऱ्या कुणाला नाही तरी त्यांना माहीत होतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

शेवटी एका संध्याकाळी त्या शिवणकामाच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. पाय ठेवायला जागा नाही, खुंटीवर लोकांचे अर्धे शिवलेले कपडे. आई मशीनवर, आणि ती मुलगी खाली चटईवर बसून एका परक्या बाईच्या ड्रेसच्या खालच्या कडेला हाताने हेम घालत होती. मान वर न करता, टाक्याशेजारी टाका, सरळ रेघ ओढावी तसं. बाई उभ्या राहून बघत राहिल्या. आता विचारण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"मी चुकले," बाई म्हणाल्या. आतून कसंबसं आलं. "तुमच्या मुलीवर मी अन्याय केला. मला माफ करा."

आईने मशीन थांबवलं. तिला राग आला असेल, पण दिसला नाही. "तुम्ही आलात, बरं झालं," ती म्हणाली. "बसायला सांगितलं असतं, पण जागा बघताय तुम्ही." मग म्हणाली, "त्या दिवशी घरी आल्यावर हिने मला काय विचारलं माहितीये बाई? म्हणे, आई, मी थोडं वाकडं शिवलं असतं तर बाईंना खरं वाटलं असतं का?"

मुलीने सुई थांबवली नाही. बाईंना त्या जिन्याखाली उभं राहवेना. लहानपणापासून आईने ज्या हाताला सरळ शिवायला शिकवलं त्याला वाकडं शिवायची अक्कल आपण दिली, या विचाराने त्यांना जीव नकोसा झाला. घरी परतताना त्यांनी निश्चय केला की शनिवारच्या बक्षीस समारंभात सगळ्यांसमोर खरं सांगायचं. एकदा ठरवल्यावर त्यांना फार दिवसांनी भूक लागली. त्या जेवल्या, गाढ झोपल्या. नवऱ्याला सांगितलं नाही, तो चेष्टा करेल म्हणून. लेकीला सांगितलं नाही, ती लहान आहे म्हणून.

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. सगळ्या शाळांची मुलं, पालक, मागे उभी राहिलेली माणसं. पदार्थ आणि ऊर्जा विभागाचा पहिला नंबर पुकारला गेला तशी टिटवी पायऱ्या चढून मंचावर आली. नवे बूट घातले होते. मुख्याध्यापकांनी ढाल उचलली, टिटवीने दोन्ही हात पुढे केले, आणि पट्टीबाई ध्वनिक्षेपकापाशी गेल्या.

"एक मिनिट, सर. हे बक्षीस देऊ नका."

बाईंनी सगळं सांगितलं. विषय बदलला तो मी. वाक्यं सांगितली ती मी. मुलीने फक्त लिहून घेतलं आणि पाठ केलं. परक्या हाताचा नियम माझ्याच घरात मोडला गेला. आणि त्याच दिवशी एका निर्दोष मुलीला मी त्याच नियमाखाली बाजूला काढलं, तिचा प्रकल्प तिचाच होता, तिची मी जाहीर माफी मागते. बोलून झालं तेव्हा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. पालक उभे राहिले. मुख्याध्यापक ढाल टेबलावर ठेवून पुढे आले, गहिवरून म्हणाले, "शिक्षक असावा तर असा! स्वतःच्या मुलीलाही सूट नाही!" पुन्हा टाळ्या. जे पालक बाईंना टरकून असत त्यांच्याही डोळ्यांत पाणी. बाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं, आपली लाज धुतली गेली.

मग त्यांचं लक्ष शेजारी गेलं. टिटवी अजून तिथेच उभी होती. पुढे केलेले हात तिने खाली घेतले होते, पण कुठे ठेवायचे ते तिला समजत नव्हतं. पहिल्या रांगेतली तिच्या वर्गातली मुलं तिच्याकडे बघत होती, काही हसत होती. तिला खाली जा असं कुणी सांगितलं नव्हतं. सगळे आईकडे बघून टाळ्या वाजवत होते. थोडा वेळ वाट पाहून ती आपली आपणच पायऱ्या उतरून गेली.

घरी जाताना दोघी रस्त्याने बरोबर चालत होत्या. ओळखीची माणसं थांबून बाईंचं कौतुक करत होती. एकाने तर टिटवीच्या गालाला हात लावून म्हटलं, "अशी आई मिळायला भाग्य लागतं बरं!" टिटवी हसली नाही. रस्ताभर बोललीही नाही, आणि हे इतकं नवीन होतं की बाईंना भीती वाटायला लागली.

"रागावलीस माझ्यावर?" त्यांनी शेवटी विचारलं. "खरं सांगायलाच हवं होतं ना गं? ते बक्षीस आपलं नव्हतंच."

"मला माहिती होतं ते," टिटवी म्हणाली. "मला आधीपासून माहिती होतं."

"मग?"

"मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं सगळ्यांना." तिचा आवाज अगदी साधा होता. "पण तेही तूच ठरवलंस. आणि तेही तूच बोललीस."

बाई रस्त्यात थांबल्या. टिटवी थांबली नाही, पुढे चालत राहिली. समोरून शाळेतली एक शिक्षिका येत होती, तिने लांबूनच हात उंचावला आणि "बाई, धन्य आहे हो तुमची!" असं मोठ्याने म्हणाली. लेकीने ते ऐकलं हे बाईंना तिच्या पाठीवरून कळलं.